निंबोळीचे पंधरा दिवस

ज्येष्ठ सरत येतो, मृगाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि खानदेशातील जुन्या निंबांखाली पिवळसर निंबोळ्यांचा सडा पडू लागतो. जळगावातील जुन्या घरांची अंगणे, धुळ्यातील पांझरेचा काठ, एरंडोल-पारोळ्याकडील शेतांचे बांध, सर्वत्र हे दृश्य दरवर्षी दिसते. पायाखाली चिकट होते, माश्या घोंगावतात, म्हणून सकाळी कोणीतरी तो सडा झाडून एकत्र करतो आणि घंटागाडीत टाकून देतो. त्या पाटीभर कचऱ्यात शेकडो झाडे असतात. मात्र त्यांची मुदत फार थोडी असते. गहू, हरभरा, ज्वारी यांचे बी कोठीत वर्षभर राहते आणि पुढच्या हंगामात उगवते. निंबोळीचे तसे नाही. पिकलेली निंबोळी झाडावरून उतरल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत पेरली, तर ती उत्तम उगवते. त्यानंतर दर आठवड्याला तिची उगवण घटत जाते आणि दोन-तीन महिन्यांनी डब्यात नुसती टरफले उरतात. ‘दिवाळीनंतर निवांत लावू’ असे म्हणणाऱ्याचा निंब म्हणूनच कधी उगवत नाही.

हा लेख ज्येष्ठ वाचकांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे. निंब निवडण्याचे कारण केवळ सोय हे नाही. म्हातारपणी झाड लावणे म्हणजे नातवंडांसाठी काही ठेवून जाणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. आंबा-फणसाच्या बाबतीत तिच्यात तथ्य असेलही. परंतु ही समजूत ऐकून अनेक ज्येष्ठ मंडळी मनातल्या मनात हिशेब करतात आणि खुरपे खाली ठेवतात. निंबाचा हिशेब वेगळा आहे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत नीट पाणी मिळाले, तर चौथ्या-पाचव्या वर्षी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसता येईल एवढी सावली होते. तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या सुमारास त्याला मोहर येऊन निंबोळ्याही धरू लागतात. पासष्टीच्या, सत्तरीच्या माणसाने लावलेल्या निंबाखाली बसण्याचा पहिला मान त्याच माणसाचा असावा, असे मला वाटते.

खानदेशाला निंबच का

शास्त्रीय ग्रंथांत कडुनिंबाची गणना सदाहरित वृक्षांत होते. खानदेशातील माणूस यावर हसेल, कारण फाल्गुनात त्याच्या अंगणात पिवळ्या पानांचा ढीग पडलेला असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निंब जुनी पाने टाकतो आणि जवळजवळ त्याच वेळी नवी पालवी काढतो, त्यामुळे तो पूर्ण उघडा असा फार काळ राहत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीवर आणि पाण्याची ओढ असलेल्या वर्षी तो काही दिवस विरळ दिसतो, इतकेच. गुढीपाडव्याला आपण त्याची कोवळी, तांबूस झाक असलेली पाने तोडतो ती याच नव्या पालवीतली. पुढे चैत्रात मोहराचा मंद सुगंध येतो आणि वैशाखात, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हा वृक्ष सर्वाधिक दाट असतो. सातपुड्यातले साग-सालई त्या दिवसांत खराटे होऊन उभे असतात. ज्या महिन्यात सावली हवी त्याच महिन्यात ती पुरवणारे, पाण्यावाचून तगणारे आणि इथल्याच मातीतले झाड शोधायचे म्हटले, तर बोट निंबाकडेच जाते. धुळे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात पाऊस बेताचाच, पण निंबाला तेवढा पुरतो.

ही ओळख जुनी आहे. रावेर तालुक्यातील निंभोरा, शिरपूरजवळचे निमझरी अशा गावांच्या नावांत निंब ऐकू येतो. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके खानदेशात बांधले जातात ते बहुधा निंबाच्याच फांदीला. वैशाखातल्या त्या सणाला दाट सावली आणि दोराचा भार पेलणारी चिवट फांदी या दोन्ही गोष्टी एकाच झाडाकडे असत.

वयोवृद्धांच्या दृष्टीने सावली ही शोभेची बाब नव्हे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी सुटतो आणि शरीराचे तापमान राखण्याची यंत्रणा सुस्तावते. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी आणि क्षार आणखी लवकर कमी होतात. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोलीत बसलेल्या आजींना उष्माघाताचा धोका असतो, तो या कारणांनी. झाडाखालची हवा पत्र्याखालच्या हवेपेक्षा थंड असतेच. शिवाय पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो आणि झाड तसे करीत नाही, हा फरक अंगाला अधिक जाणवतो. पानांतून बाष्प बाहेर पडत असल्याने पाने स्वतः फारशी तापत नाहीत. अंगणाच्या पश्चिमेला एक निंब असला, तर दुपारनंतर भिंतीवर येणारे ऊन अडते आणि रात्री ती भिंत कमी गरम राहते.

या गुणाची किंमत दूरवरच्या लोकांनीही ओळखली. मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात हजयात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून सुमारे ५० हजार निंब लावण्यात आले, आणि त्या वाळवंटी मैदानात ते वाढले. आफ्रिकेतील नायजर देशात मज्जिया खोऱ्यात १९७०च्या दशकापासून शेतांच्या कडेने निंबाच्या रांगा लावून वारा अडवला गेला. हाइन्रिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड पाहिली. सगळी हिरवळ फस्त झाली होती आणि निंब तेवढे उभे होते. त्या दृश्यानंतर पाश्चात्त्य संशोधनात निंबाचा अभ्यास जोमाने सुरू झाला. आपल्या आज्या धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालीत, तेव्हा त्यांना हे सांगायला सुदानहून कोणी यावे लागले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

एक समजूत मात्र येथेच दूर करावी. निंब रात्रीही प्राणवायू सोडतो असे पुष्कळांकडून ऐकू येते. तसे नाही. रात्री तोही इतर झाडांसारखाच प्राणवायू घेतो. त्याने अंगणात झोपणाऱ्याला काही अपाय होत नाही, पण रुग्णाची खाट निंबाखाली हलवली म्हणजे त्याचा दमा बरा होईल, अशी आशाही धरू नये.

बी निवडणे आणि धुणे

आधी झाड निवडावे, मग निंबोळी. आपल्याच परिसरातील, दोन-तीन दुष्काळ पाहिलेला, सरळ बुंध्याचा आणि पसरट छत्रीचा निंब पाहावा. त्याचे शेंडे वाळलेले नसावेत. २०२१च्या सुमारास तेलंगणात निंबांचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला होता. फांद्यांची टोके तपकिरी होऊन झुकलेली दिसली, तर त्या झाडाचे बी घेऊ नये.

हिरवी निंबोळी कच्ची असते आणि सुरकुतलेली काळपट निंबोळी जुनी. हिरवट-पिवळ्या रंगाची, बोटाने दाबली असता मऊ लागणारी निंबोळी घ्यावी. झाडाखाली जुनी चादर अंथरून खालची फांदी हलवली की वेचण्यासाठी वाकावे लागत नाही. हे काम नातवंडांना द्यावे. बुलबुल, साळुंक्या आणि वटवाघळे गर खाऊन बी टाकतात. असे नुकतेच पडलेले स्वच्छ बी मिळाले, तर धुण्याचे अर्धे काम पक्ष्यांनी केलेले असते.

गर त्याच दिवशी काढावा. गरासकट ठेवलेल्या निंबोळ्या आंबतात, तापतात आणि आतला जीव मरतो. पसरट घमेल्यात पाणी घेऊन निंबोळ्या हाताने चोळाव्यात, साली आणि गर वर येतील ते पाणी ओतून द्यावे, पुन्हा पाणी घ्यावे. तीन-चार वेळा असे केले की पांढुरक्या, लांबट बिया हाती येतात. संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीला कोमट पाण्यात केलेले हे चोळणे सुखावह वाटते. ज्यांच्या हातावर चिरा किंवा जखम आहे त्यांनी मात्र रबरी मोजे घालावेत. धुतलेल्या बिया सुती कापडावर, घरात, पंख्याच्या वाऱ्याला एक-दोन दिवस सुकू द्याव्यात. उन्हात घालू नयेत. पापड-कुरडयांना जे ऊन लागते ते निंबोळीला मारते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणेही वाईट, कारण बियांना हवा लागते.

बी जिवंत आहे की नाही, हे पाहण्याची साधी रीत आहे. दहा बियांमधली एक फोडावी आणि आतला मगज नखाने उलगडावा. तो हिरवट असेल तर बी ताजे आहे. पिवळा पडलेला किंवा तपकिरी असेल तर त्या ढिगावर वेळ घालवू नये. दृष्टी मंद असलेल्यांनी भिंग घ्यावे. पुष्कळांना या वयात निंबोळीचा मगज भिंगातून प्रथमच दिसतो आणि त्याचे कौतुक वाटते.

पिशवीत की थेट जागेवर

ज्यांच्याकडे अंगण, परसू किंवा शेताचा बांध आहे, त्यांनी माझ्या मते बी थेट जागेवर पेरावे. निंबाचे सोटमूळ लवकर आणि खोल जाते. पिशवीत ते तळाला लागून वळते आणि पुढे कायमचे वाकडे राहते. जागेवर उगवलेले रोप पहिल्या वर्षी खुजे दिसते, परंतु त्याची मुळे खाली गेलेली असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात पिशवीतल्या रोपापेक्षा ते अधिक चिवट ठरते. एका जागी तीन बिया एकमेकींपासून वीतभर अंतरावर पेराव्यात, आणि पुढच्या पावसाळ्यात सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत.

जागा ठरविताना आजचे रोप डोळ्यांसमोर आणू नये. भिंतीपासून किमान पंधरा फूट अंतर, डोक्यावर विजेच्या तारा नकोत, संडासाची टाकी आणि नळाची वाहिनी जवळ नको. शहरी भागात मोठे झालेले झाड तोडण्यासाठी १९७५च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार परवानगी लागते. ती सहज मिळू नये हेच योग्य असल्याने विचार लावतानाच करावा. निंब दीडशे वर्षेही उभा राहू शकतो.

सदनिकेत राहणाऱ्यांना आणि ज्यांना खाली वाकता येत नाही त्यांना पिशवीचाच मार्ग सोयीचा. रोपवाटिकेतील काळी पिशवी नसेल, तर दुधाच्या किंवा तेलाच्या रिकाम्या पिशव्या चालतात. उंच पिशवी घ्यावी, तळाला आणि बाजूला सात-आठ छिद्रे पाडावीत. खानदेशातील काळी माती एकटी भरू नये. ती पावसात चिकट होऊन पाणी धरते, उन्हात तडकते, आणि निंबाला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण पुरेसे आहे. बी आडवे ठेवून बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्या खोलीवर पुरावे आणि झारीने पाणी द्यावे. खारी आणि उंदीर बिया उकरतात, म्हणून पिशव्यांवर जाळी किंवा जुनी चाळण पालथी घालावी.

साधारण आठव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोंब वर येतात. सर्व एकाच दिवशी येत नाहीत. दहाव्या दिवशी काही दिसले नाही म्हणून माती उकरून पाहण्याचा मोह आवरावा. पंचवीस दिवसांनंतर मात्र आशा सोडावी. वीस बिया पेरल्या आणि दहा-बारा उगवल्या, तर पीक चांगले समजावे. सुरुवातीच्या पानांना पर्णिका थोड्या असल्याने हा निंबच आहे ना, अशी शंका येते. महिना-दीड महिन्यात ओळखीची करवती कडेची पाने येतात. या काळात रोपे मरतात ती तहानेने कमी आणि जास्त पाण्याने अधिक. पाऊस चालू असताना वरून पुन्हा पाणी घालू नये. मातीत बोट खुपसून पाहावे, ओल लागली तर झारी ठेवून द्यावी.

पेरणाऱ्याच्या जिवाची काळजी

झाड लावण्याच्या लेखांतून हा भाग बहुधा गळतो. ज्येष्ठांसाठी मात्र तो बियाण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

काम जमिनीवर बसून करू नये. गुडघ्यांचे दुखणे नसले तरी उठताना एकदम रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ही शक्यता वाढते. कमरेच्या उंचीचे टेबल किंवा ओटा, त्यावर जुने वर्तमानपत्र, शेजारी हात टेकायला भक्कम खुर्ची, एवढी मांडणी करावी. मातीची घमेली भरून आणणे, पिशव्या हलवणे, मे महिन्यात खड्डा खणून ठेवणे ही कामे घरातील तरुणांनी करावीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर झारी घेऊन चालणे हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका आहे. रोपे दाराबाहेर लगेच, कोरड्या जागी, कठड्याच्या आधाराने पोहोचता येईल अशी ठेवावीत. झारी अर्धीच भरावी.

मधुमेह असलेल्यांनी मातीत अनवाणी जाऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा लागलेला कळत नाही आणि तो चिघळतो. धनुर्वाताची लस कधी घेतली होती हे आठवत नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. पिशव्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नये, डेंग्यूचे डास अशा स्वच्छ पाण्यातच वाढतात. काम सकाळी आठच्या आत आटपावे.

हे सारे केले म्हणजे व्यायाम झाला, असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविले आहेत. पाच पिशव्यांना पाणी घालून ते भरून निघत नाही. रोप देते ते निराळे काही. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर दिवसाला आकार राहत नाही. सकाळी उठून पाहावे असे काहीतरी दाराबाहेर असणे आणि ते काल होते त्यापेक्षा आज थोडे वेगळे असणे, याचा उपयोग मोठा असतो. बागकाम करणाऱ्या ज्येष्ठांत उदासीनतेची लक्षणे कमी आढळल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. औषधे चालू असतील ती मात्र त्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

देखभाल करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, रोप खरोखरच त्यांचे असू द्यावे. ‘आबा, आज पाणी घालायचे विसरलात ना?’ असे म्हटले की ते रोप आबांचे राहत नाही, आबांच्या परीक्षेचे होते. ‘आबा, ओल आहे का हो मातीत?’ असे विचारावे. उत्तर देण्यासाठी ते स्वतः उठून बोट खुपसून पाहतील. दुसरी गोष्ट स्मृतिभ्रंश असलेल्यांविषयी. त्यांना नवे काही शिकविण्याचा आग्रह नको, पण निंबोळी चोळणे, बिया निवडणे, माती चाळणे ही हातांना ठाऊक असलेली कामे आहेत. ज्या आजींना आज कोणता वार हे सांगता येत नाही, त्यांच्याही बोटांना धान्य निवडणे आठवत असते. एका वेळी एकच काम समोर ठेवावे, दहा-पंधरा मिनिटांत थांबावे. बिया तोंडात जाणार नाहीत एवढे लक्ष मात्र असावे.

पहिला उन्हाळा

जुलैत पेरलेले रोप दिवाळीपर्यंत वीतभर होते. ते त्याच वर्षी जमिनीत लावावे की पिशवीत ठेवावे, याबद्दल मतभेद आहेत. बारमाही पाण्याची सोय नसलेल्या धुळे, शिंदखेडा, अमळनेर या भागांत पुढच्या मृगापर्यंत पिशवीतच ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तोवर पिशवी महिन्यातून एकदा उचलून जागा बदलावी, म्हणजे छिद्रातून बाहेर आलेली मुळे जमिनीत रुतून बसत नाहीत. होळीनंतर दुपारच्या सावलीत ठेवावे.

जमिनीत असलेल्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पाणी हवे. रोज थोडे थोडे देण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळे भरून दिले, तर मुळे खोल जातात. वाकणे कठीण असलेल्यांसाठी मडक्याची जुनी युक्ती सोपी आहे. एक बिनचकाकीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे, वर झाकणी ठेवावी. पाणी झिरपत राहते आणि उभ्या उभ्याच नळीने ते पुन्हा भरता येते. बुंध्याभोवती आच्छादन घालावे. जळगाव, यावल, रावेरकडे केळीच्या वाळलेल्या पानांना तोटा नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करून घातल्या तरी चालतात. शेळ्यांना निंबाचा पाला कडू लागत नाही, हे विसरू नये. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण पुरुषभर उंचीपर्यंत ठेवावे.

राखण्याचे महत्त्व खानदेशात ठळकपणे दिसते ते साक्री तालुक्यातील बारीपाड्यात. तेथील ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली आणि सुमारे ४०० हेक्टर उजाड रान पुन्हा उभे केले. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तेथे बरेचसे जंगल कोणी पेरले नाही. मातीत आधीच असलेली मुळे आणि पक्ष्यांनी आणलेले बी यांना कोणी खाऊ-तोडू दिले नाही, म्हणून ते वाढले. आपल्या कुंपणाच्या तारेखाली, गच्चीच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीत आपोआप उगवलेला निंब दिसला, तर तोही बियाण्याइतकाच मोलाचा आहे. कुंडीतला असेल तर पावसाळ्यात, मूळ फार खोल जाण्यापूर्वी, मातीच्या गड्ड्यासकट उचलावा.

घरात निंब आला की औषधही आले, असे अनेकांना वाटते. पाडव्याला ओवा, हिंग, गूळ घालून खाल्लेली चार कोवळी पाने हा संस्कार आहे, त्याने काही बिघडत नाही. रोज वाटीभर रस घेणे हा वेगळा मामला आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्याने एकाएकी उतरू शकते. निंबोळीचे तेल लहान मुलांना पोटात कधीही देऊ नये. ते दिल्यानंतर बाळांना उलट्या, झटके आणि बेशुद्धी आल्याच्या घटना मलेशियातील डॉक्टरांनी १९८१ सालीच नोंदविल्या आहेत. घरात औषधाच्या बाटल्यांशेजारी ते तेल ठेवूच नये.

पेरून उरलेल्या निंबोळ्यांचे काय करावे, असा प्रश्न येतो. त्या सावलीत पूर्ण वाळवून ठेवाव्यात. कपाशीचे शेतकरी पाच किलो निंबोळीचा भरडा शंभर लिटर पाण्यात भिजवून पाच टक्के अर्क करतात. घरच्या कुंड्यांसाठी पन्नास ग्रॅम भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारावा. जास्वंदीवरचा मावा आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात येतो. गाळलेला चोथा निंबाच्याच आळ्यात टाकावा. आणि जादा उगवलेली रोपे पुढच्या मृगापूर्वी कोणाकोणाला द्यायची, त्यांची यादी आबांना आजच करू द्यावी. शाळा, दवाखाना, एसटी थांबा, शेजारच्या गल्लीतले उघडे अंगण. यादी करताना त्यांना जुन्या ओळखी आठवतील आणि दोन-तीन फोनही करावे लागतील.